निदान झालं, आता ते समजावून सांगा: ठाणे-नवी मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

छातीत धडधडतंय, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही, हातपाय गळून गेलेत, अशी तक्रार घेऊन वागळे इस्टेट, कळवा, मुंब्रा, ऐरोली, कोपरखैरणे किंवा नेरूळमधला माणूस सगळ्यात आधी तुमच्या दवाखान्याची पायरी चढतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे तो सहसा थेट जात नाही. आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा बराच काळ उलटलेला असतो आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, पोटाची सोनोग्राफी असे सगळे नॉर्मल रिपोर्ट असतात. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत. तुमची पदवी एमबीबीएस असो, बीएएमएस असो की बीएचएमएस. इथली बरीचशी गोष्ट बोलण्याची आहे, ती सगळ्यांना लागू पडते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. तुमच्या वेटिंगमध्ये बसलेल्यांत असे रुग्ण रोज असतात. आजार ओळखण्यात तुम्ही कमी पडता असं आमचं म्हणणं नाही. चिठ्ठीवर एसिटालोप्राम ही नैराश्य-चिंतेवरची गोळी लिहिलेली असते, म्हणजे निदान तुमच्या मनात झालेलं असतं. पण ‘डॉक्टरांनी काय झालंय म्हणून सांगितलं?’ असं रुग्णाला विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही, थोडं टेन्शन आहे म्हणाले.’ टेन्शनसाठी कुणी सहा महिने गोळी घेत नाही. चौथ्या दिवशी मळमळ झाली की तो ती बंद करतो, मग दुसरा डॉक्टर गाठतो, आणि पुन्हा ईसीजीपासून सुरुवात होते. उपचार फसतो तो इथे.

पॅनिक अटॅकपासून सुरुवात करू, कारण तो तुमच्याकडे नेहमी येतो आणि समजावून सांगितल्याचा फायदा त्यात सगळ्यात लवकर दिसतो. अचानक धडधड, घाम, गुदमरल्यासारखं होणं, हातात मुंग्या, ‘आता मी मरणार’ ही भीती. हे सगळं काही मिनिटांत टोकाला जातं आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतं. चाळिशी ओलांडलेला, मधुमेही, धूम्रपान करणारा किंवा चालताना छाती भरून येणारा रुग्ण असेल तर ईसीजी आणि पुढची तपासणी आधी, पॅनिकचं नाव नंतर. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि साखर बघाच. पण एकदा बघितलं की त्याच तक्रारीसाठी परत परत ईसीजी काढू नका. प्रत्येक नव्या ईसीजीने रुग्णाला एवढंच कळतं की डॉक्टरांनाही अजून शंका आहे.

त्याला काय सांगायचं? आम्ही साधारण असं सांगतो: ‘तुमचं हृदय तपासलं, ते चांगलं आहे. तुम्हाला होणारा त्रास मात्र खरा आहे, तुम्ही नाटक करत नाही. याला पॅनिक अटॅक म्हणतात. संकट आलं की पळता यावं म्हणून शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, त्याने छाती धडधडते आणि श्वास वाढतो. तुमच्या शरीरातली ही धोक्याची घंटा धोका नसताना वाजतेय. ती आपोआप थांबते, आणि वाजली म्हणून जीव जात नाही.’

मग शक्य असेल तर दाखवून द्या. रुग्णाला खुर्चीत बसवून मिनिटभर भरभर, खोल श्वास घ्यायला लावा. बहुतेकांना ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, काहींची बोटं आखडतात. थांबवून विचारा, ‘अटॅकमध्ये असंच होतं का?’ रुग्ण चमकून हो म्हणतो. जोराच्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे हे होतं, हे त्याला त्या क्षणी पटतं. नॉर्मल रिपोर्टांच्या चळतीने ते पटलेलं नसतं. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर हा प्रयोग करू नका. लगेच याच्या उलट, संथ श्वास शिकवा: चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, अटॅक नसतानाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगायची जुनी पद्धत सोडून द्या. तो दमा किंवा हार्ट अटॅक निघाला तर पिशवीने जीवावर बेतेल.

इथे एक सल्ला हमखास चुकतो: ‘काही दिवस लोकलने जाऊ नका.’ रुग्ण आधी सकाळची गर्दीची गाडी सोडतो, मग ठाणे स्टेशनचा पूल, मग घराबाहेर पडणंच. टाळल्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती घट्ट होत जाते. त्याऐवजी पायऱ्या ठरवून द्या. दुपारी गर्दी नसताना नुसतं फलाटावर वीस मिनिटं उभं राहायचं. ते जमलं की ट्रान्स-हार्बरने ठाणे ते ऐरोली, सोबत कुणीतरी. मग तेच एकट्याने, मग वाशीपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, मध्येच पळून यायचं नाही, आणि भीती निम्म्याने कमी झाली की पुढची पायरी घ्यायची.

आता नैराश्य. ‘मी उदास आहे’ असं तुमच्या टेबलासमोर फार थोडे जण म्हणतात. ते म्हणतात अंगात कणकण आहे, कमजोरी आहे, डोकं जड होतं, जेवणावर वासना नाही. बायका कंबरदुखी किंवा अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार सांगतात. मार्केटमध्ये ओझी उचलणारा माथाडी पाठदुखीसाठी येतो आणि हल्ली पिणं वाढलंय हे बायको मागून हळूच सांगते. आयटी पार्कात रात्रपाळी करणारा मुलगा फक्त झोपेची गोळी मागतो. तपासण्या स्वच्छ, तक्रारी अनेक आणि फिरत्या, आणि रुग्ण गेल्या काही महिन्यांत तिसऱ्या-चौथ्यांदा आलेला, असं दिसलं की दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, मजा येत नाही असं किती दिवस झालं? आणि मन खिन्न, निराश किती दिवस होतं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली तर पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी भरून घ्या. ती मराठीत आहे, वापरायला परवानगी लागत नाही आणि वेटिंगमध्ये बसल्या बसल्या भरून होते. ज्याला वाचता येत नाही त्याला कंपाउंडरने चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवू नये, तुम्ही आत बोलावून विचारा.

२७ पैकी १० च्या पुढे गुण असतील तर उपचाराचा विचार करायचा, २० च्या पुढे असतील तर आमच्याकडे पाठवायचं. गुण म्हणजे निदान नव्हे. रक्त कमी असलं, थायरॉइड मंदावलेलं असलं, बी-१२ घसरलं असलं किंवा घरात नुकताच मृत्यू झाला असला तरी आकडा चढतो. कामावर जाणं, स्वयंपाक, अंघोळ, मुलांकडे बघणं यातलं काय सुटलं आहे हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोला. विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो ही भीती निराधार आहे; बहुतेक रुग्णांना कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. पायरीपायरीने विचारा. जगण्यात राम नाही असं वाटतं का? सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं वाटतं का? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का? कसं, कधी, हे ठरवलंय का? ते साधन घरात आहे का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? शेवटच्या तीनपैकी एकाचं उत्तर हो आलं तर रुग्णाला एकट्याने घरी पाठवू नका. नातेवाइकाला बोलावून घ्या, उंदीर मारायचं औषध, जास्तीच्या गोळ्या, गच्चीची किल्ली याबद्दल स्पष्ट सांगा, औषध एका आठवड्याचंच लिहा आणि ते घरच्यांच्या हातात द्या. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्याची जुनी गोळी महिन्याभराची एकदम देऊ नका. सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

नैराश्याची गोळी लिहिण्याआधी आणखी एक प्रश्न विचारायचा, आणि तो हमखास राहतो. यापूर्वी कधी चार-आठ दिवस असे गेले का, की झोप दोन-तीन तासच, तरी थकवा नाही, बोलणं अखंड, पैसा हाताला लागेल तसा उडवला, डोक्यात मोठमोठ्या योजना? हे घरच्यांनाही विचारा, कारण रुग्णाला ते दिवस छान वाटलेले असतात. उत्तर हो असेल तर हा बायपोलर (कधी नैराश्य, कधी उन्माद असा आजार) असू शकतो, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो उन्मादात जाऊ शकतो. त्याला गोळी न देता आमच्याकडे पाठवा.

गोळी सुरू करताना सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण एकही गाळू नका. आजाराचं नाव सांगा: नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, कमकुवत मनाचं किंवा आळसाचं लक्षण नव्हे. ही झोपेची गोळी नाही आणि तिचं व्यसन लागत नाही. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्त घालमेल होऊ शकते, जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. फरक दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागेल. बरं वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवायची. बंद करायची वेळ आली की डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतील. स्वतःच्या मनाने एकदम थांबवली तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. पंचविशीच्या आतल्या रुग्णात सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्याला आठवड्याच्या आत परत बोलवा. म्हाताऱ्या माणसाला, त्यातही ज्याला बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्याला, सोडियम उतरू शकतं; दोन आठवड्यांनी तपासा. हे सगळं सांगायला पाच मिनिटं लागतात. गर्दीच्या वेळी पाच मिनिटं म्हणजे काय हे आम्ही जाणतो. तरीही ती द्या, नाहीतर त्याच रुग्णावर पुढे याच्या कितीतरी पट वेळ जाणार आहे.

अल्प्राझोलाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळीविषयी मात्र आम्हाला कळकळीने लिहायचं आहे. ०.२५ किंवा ०.५ ची गोळी पहिल्याच रात्री काम करते, त्यामुळे रुग्ण खूश, डॉक्टरही खूश. दोन ते चार आठवड्यांपलीकडे ती चालली की शरीराला सवय लागते, डोस वाढतो, आणि मग चिठ्ठी जुनीच, केमिस्टकडून पट्टी कापून आणणं चालू राहतं. ही गोळी शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीत आहे, केमिस्टने तिची नोंद ठेवायची असते, पण खरा अंकुश तुमच्या चिठ्ठीवरच्या तारखेचा आहे. लिहिताना ‘१० दिवस, पुन्हा देऊ नये’ असं लिहा. वर्षानुवर्षं घेणाऱ्याची गोळी एका झटक्यात तोडू नका, फिट येऊ शकते. दर दोन आठवड्यांनी साधारण दहावा ते चौथा हिस्सा कमी करत न्या, किंवा ते काम आमच्यावर सोपवा. म्हाताऱ्या माणसाने ही गोळी घेतली की रात्री बाथरूमला जाताना पडणं आणि खुबा मोडणं ठरलेलं, असं धरून चाला.

सोळा-सतरापासून पंचविशीपर्यंतच्या मुलामुलींच्या आईवडिलांचं बोलणं जरा जास्त कान देऊन ऐका. कॉलेज सुटलं, मित्र तुटले, दिवसा झोप रात्री जाग, अंघोळ नको, शेजारी आपल्याबद्दलच बोलतात असा संशय, एकट्याने पुटपुटणं किंवा हसणं. आईवडील हे मोबाइलवर, प्रेमप्रकरणावर, वयावर ढकलतात. मुलाला एकट्यात विचारा: आसपास कुणी नसताना आवाज ऐकू येतात का? कुणी पाळतीवर आहे, आपले विचार इतरांना कळतात, असं वाटतं का? साध्या सुरात विचारलं तर मुलं सांगतात. स्किझोफ्रेनियात उपचाराविना गेलेला प्रत्येक महिना पुढचं बरं होणं अवघड करतो, म्हणून इथे वाट बघू नका.

या घरांना सांगायचं ते असं. हा मेंदूचा आजार आहे, शंभरात सुमारे एकाला होतो, आई किंवा वडिलांना असेल तर दहात साधारण एकाला. तुमच्या संगोपनाने तो झालेला नाही. त्याला ऐकू येणारे आवाज त्याच्यासाठी खरे आहेत, त्यावर वाद घालू नका आणि होला होही म्हणू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय’ एवढं पुरे. लग्न हा यावरचा इलाज नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात दोन घरं पोळतात.

‘बाहेरचं असेल’ म्हणून देवर्षीकडे नेणं चालू असेल तर त्यावर भांडत बसू नका. पूजा, नवस, अंगारा हा त्यांचा प्रश्न. साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना सौम्यपणे पण स्पष्ट सांगा.

आणि हे लक्षात असू द्या: हॅलोपेरिडॉल या भ्रम-आवाजांवरच्या औषधाचं इंजेक्शन किंवा गोळी दिल्यावर पहिल्या काही दिवसांत एखाद्याची मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं बाधा उसळली, आणि ते औषध फेकून देतात. हा औषधाचा परिणाम आहे, प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने थोड्याच वेळात सुटतो. हे आधीच सांगून ठेवलेलं असेल तर रुग्ण तुमच्याकडे येतो. सांगितलेलं नसेल तर तो भगताकडे जातो, आणि पुढे कित्येक महिने परत मिळत नाही.

दोन गोष्टी आमच्याकडे पाठवण्याच्या नाहीतच. सत्तरीच्या आजोबांनी कालपासून अचानक असंबद्ध बोलायला सुरुवात केली, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी, तर तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने आलेला अचानक भ्रम, समजा: साखर, सोडियम, लघवीचं इन्फेक्शन, छाती, तुंबलेली लघवी, नवी सुरू झालेली गोळी, गेल्या महिन्यात डोक्यावर पडले होते का, हे आधी. पाय मोडून अ‍ॅडमिट झालेल्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसू लागले, हात थरथरताहेत, तर शेवटचा पेग कधी घेतला ते विचारा. हा दारू थांबल्याचा परिणाम असतो आणि जीव जाऊ शकतो. ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्या. बाळंतीण पहिल्या दोन आठवड्यांत झोपेनाशी झाली, भ्रमिष्टासारखं बोलू लागली, तर ती मात्र आमची, आणि त्याच दिवशी. हजारात एक-दोघींनाच हा आजार होतो, पण ती आमच्यापर्यंत पोचेपर्यंत बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही.

पाठवायचं कसं? महाराष्ट्रात कुणाची टर उडवायची तर ‘ठाण्याला नेऊन घाला’ म्हणतात. इथल्या माणसाला ते जास्त झोंबतं, कारण १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय त्याच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात रोज साधी माणसं तपासून घरी जातात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते तुम्ही सांगा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ पडत असेल तर आधी तिकडे पाठवा. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. तो चिठ्ठीच्या कोपऱ्यात छापून घ्या. आणि ‘मी तुम्हाला दुसरीकडे पाठवतोय’ ऐवजी ‘त्यांचा सल्ला घेऊन माझ्याकडे परत या, बीपीची गोळी मीच बघणार आहे’ असं म्हणा. सोडून दिलं असं रुग्णाला वाटता कामा नये.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ नुसार आजाराचं स्वरूप, उपचार आणि दुष्परिणाम समजेल अशा भाषेत कळणं हा रुग्णाचा हक्क आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, हे घरच्यांना माहीत नसतं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याकडे तीव्र ताणाखालची व्यक्ती म्हणून बघायचं, असं कलम ११५ सांगतं, आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेचं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. पोलिसांच्या भीतीने नातेवाईक खरं लपवत असतील तर हे सांगितल्यावर बोलते होतात.

चिठ्ठीवर आम्हाला एवढं हवं: काय दिसलं आणि कधीपासून, पीएचक्यू-९ चे गुण, झालेल्या तपासण्या, चालू असलेली सगळी औषधं डोससकट, दारू-तंबाखू, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही रुग्णाला कोणत्या शब्दांत काय सांगितलं आहे. आम्ही आमच्या बाजूने प्रत्येक चिठ्ठीला लेखी उत्तर देऊ: निदान, औषध, पुढची तारीख, आणि आम्ही रुग्णाला काय सांगितलं. तुमचं आणि आमचं सांगणं जुळलं नाही तर रुग्ण दोघांचंही ऐकत नाही.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईत काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्ते